कानशिलाची खिडकी

दुर्वा हरेश्वर मढवी, वय सहा, राहणार दिवाळे गाव.
वर्गात दोनदा घेरी आली म्हणून पाठवलेली.
पायात एकच मोजा. दुसरा, म्हणते, हरवला नाही,
घरी झोपलाय.

मी कानशिलाला जेल लावते.
गार लागतं. खांदा कानापर्यंत उचलते, पण रडत नाही.
डोळा आणि कान यांच्या मधे हाड पातळ असतं,
तिथून आवाज आत जातो,
वाहत्या रक्तावर आपटून परत येतो.
आम्ही त्या जागेला खिडकी म्हणतो.
सहाव्या वर्षी ती सताड उघडी असते,
शोधावी लागत नाही.

हूश्श. हूश्श. हूश्श.

"आत कोण चूल फुंकतंय?"

चोवीस वर्षं हा आवाज ऐकतेय मी
नेरूळच्या या तिसऱ्या मजल्यावर,
आणि हे मला कधी सुचलं नाही.

पडद्यावर शंभर. सेकंदाला शंभर सेंटिमीटर.
हरेश्वर खुर्चीच्या कडेला आला. "जास्त आहे का, मॅडम?"
नाही हो. तिच्या वयाचं आहे.
जन्मतात तेव्हा मंद असतं, मग चढत जातं,
पाचव्या-सहाव्या वर्षी उधाण,
मग दरवर्षी थोडं थोडं उतरतं.
तुमचं निम्मं असेल.

निम्मं म्हटल्यावर तो हसला. मग हसायचा थांबला.
"माझंही बघा ना."

नियमात बसत नाही. पण दुपारचे दोन वाजलेले,
पुढचा पेशंट पाम बीच रोडला अडकलेला.
जाळी ओढणारा माणूस, कानशिलावर मीठ वाळलेलं.
खिडकी सापडायला दोन मिनिटं गेली.
चोपन्न.
चाळिशीला असतं तेवढंच, उत्तम आहे, मी म्हटलं.
तरी तो पडद्याकडे असा बघत राहिला
जसं बाजारात कुणी त्याला काट्यात मारलं.

"मग उरलेलं गेलं कुठे?"

मी पुस्तकातलं सांगितलं.
या वयात मेंदू जोडण्या बांधत सुटतो,
लागतील त्याहून कितीतरी जास्त.
ती जेवते त्यातलं जवळजवळ अर्धं वरच जातं,
म्हणून हातपाय वाढायची घाई करत नाहीत.
पुढे नको त्या जोडण्या तो स्वतःच मोडतो.
मग कमी पुरतं.

त्याने ते आपल्या भाषेत करून घेतलं:
"म्हणजे भांगाची भरती.
पाणी येतं, पण जेट्टीच्या वरच्या पायऱ्या कोरड्या."

मी मान हलवली. भांग मला माहीत नव्हता.
मी सेक्टरमधे वाढले.

तेवढ्यात हिचं चालूच:
बोंबलाला टाळू असते का, मशीन रात्री कुणाचं ऐकतं,
माझं शंभर संपलं की मला परत मिळणार का.
मग माझ्याकडे बोट. "आता यांचं."

डावं कानशील. काही नाही.
उजवं. काही नाही. थोडं वर, थोडं तिरकं,
नुसती खरखर, एसीची असावी तशी.
पन्नाशीनंतर बायकांची खिडकी कधीकधी बंद होते.
रक्त आत वाहतच असतं, बाहेर ऐकू येत नाही इतकंच;
हे मी किती आज्यांना सांगितलंय, हसत हसत.
स्वतःला सांगायची वेळ आली नव्हती.

दुर्वा खाटेवर गुडघ्यांवर उभी राहिली
आणि तिने माझ्या कानशिलाला कान लावला.
जेलसकट.
बराच वेळ.
हरेश्वर म्हणाला, चल गो, पाणी लागंल.
ती उतरली, कान फ्रॉकला पुसला,
काय ऐकू आलं ते सांगितलं नाही.

रिपोर्टमधे लिहिलं: वेग वयानुसार योग्य.

खुर्चीखाली एक मोजा राहिला होता.
म्हणजे आता दोन्ही पाय मोकळे.
उचलून ड्रॉवरमधे ठेवला, टिश्यूच्या खोक्याशेजारी,
आणि रजिस्टरच्या कडेला तारीख घालून नोंद केली:
मोजा, पिवळा, हरवलेला नाही.